सूक्ष्म आभासी यंत्रे आणि क्लाउडमधील विलगता : 'फायरक्रॅकर' नियंत्रकाचे विवेचन

बीजसंज्ञा : आभासी यंत्र नियंत्रक, विलगता, केव्हीएम, फायरक्रॅकर, सर्व्हरलेस सेवा

प्रस्तावना :

परस्परांना सर्वस्वी अपरिचित असलेल्या ग्राहकांच्या आज्ञावली एकाच यंत्रावर शेजारीशेजारी चालविणे ही क्लाउड व्यवसायाची मूलभूत गरज आहे. एखाद्या पतसंस्थेच्या हिशेबाची आज्ञावली आणि काल रात्रीच खाते उघडलेल्या कोणा अज्ञात व्यक्तीने पाठविलेली आज्ञावली एकाच वेळी एकाच संगणकाच्या मेमरीत असू शकतात. या दुसऱ्या ग्राहकाचा हेतू शुद्ध आहे असे मानण्यास सेवापुरवठादाराजवळ कोणताही आधार नसतो. किंबहुना तो शुद्ध नाही असे धरूनच रचना करावी लागते. या दोघांमध्ये जी भिंत उभी असते ती बहुतांशी आज्ञावलीचीच असते, आणि आज्ञावली लिहिणारी माणसे चुकतात. ही भिंत भक्कम तर हवी, परंतु तिने जागाही फार व्यापता कामा नये. कारण व्यापलेल्या प्रत्येक मेगाबाइटचे मोल ग्राहकाकडून किंवा नफ्यातून वसूल होते. भक्कमपणा आणि हलकेपणा या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ च्या सुमारास पुढे आलेल्या सूक्ष्म आभासी यंत्रांनी हा समज पुष्कळ अंशी खोडून काढला. त्या नियंत्रकांपैकी 'फायरक्रॅकर' याची रचना, तिच्यामागील कारणे आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका :

आभासी यंत्राची कल्पना क्लाउडहून फार जुनी आहे. आय. बी. एम. कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली. तिच्यातून पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणाली आल्या. यंत्र एकच आणि तेही अतिशय महाग. तरीही प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक आहे असे वाटावे, हा त्यामागील हेतू होता. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये या कल्पनेस शास्त्रीय बैठक दिली. आभासी यंत्रात चालणारी आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालल्याप्रमाणेच चालावी, बहुसंख्य आज्ञा प्रोसेसरने थेट पार पाडाव्यात आणि यंत्राच्या साधनसामग्रीवर संपूर्ण ताबा नियंत्रकाचाच असावा, या तीन अटी त्यांनी घातल्या. यंत्राची स्थिती बदलू किंवा जाणू पाहणारी प्रत्येक 'संवेदनशील' आज्ञा जर विशेषाधिकाराशिवाय पार पडत नसेल आणि अधिकार नसताना दिल्यास नियंत्रकाकडे झेप घेत असेल, तर असा नियंत्रक बांधता येतो, हे त्यांनी सिद्ध केले.

गंमत अशी, की ज्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर आजचे बहुतेक क्लाउड उभे आहे, ते घराणे ही अट पाळत नव्हते. 'पॉपएफ' ही आज्ञा याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. तिच्याद्वारे इंटरप्ट रोखणारा ध्वज बदलता येतो. परंतु अधिकार नसताना ती दिली तर प्रोसेसर तक्रार करीत नाही, तो बदल निमूटपणे टाळून पुढे जातो. नियंत्रकाला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा सतरा आज्ञा असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवून देण्यात आले. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालू असतानाच भाषांतरित करून अडचणीवर मात केली. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील 'झेन' प्रकल्पाने अतिथी कार्यप्रणालीतच फेरबदल करण्याचा मार्ग धरला. २००५-०६ मध्ये इंटेल आणि ए. एम. डी. या दोन्ही कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली आणि या युक्त्यांची गरज उतरणीला लागली. त्या सोयीचा लाभ घेणारे केव्हीएम हे अंग फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाले.

केव्हीएम स्वतः पूर्ण नियंत्रक नाही, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ते प्रोसेसर आणि मेमरी यांच्या आभासीकरणाचा भार उचलते. परंतु संगणक म्हणजे केवळ प्रोसेसर आणि मेमरी नव्हे. अतिथी कार्यप्रणालीला डिस्क हवी, नेटवर्क कार्ड हवे, घड्याळ हवे. ही उपकरणे प्रत्यक्षात नसतात. त्यांचे सोंग वठविणारी एक सामान्य आज्ञावली यजमान यंत्रावर चालू असते. अतिथीने एखाद्या उपकरणाच्या पत्त्यावर काही लिहिले, की प्रोसेसर अतिथीला थांबवितो, केव्हीएम ती बाब या आज्ञावलीच्या स्वाधीन करते, ती योग्य ते उत्तर तयार करते आणि अतिथी पुन्हा चालू होतो. दीर्घकाळ हे काम प्रामुख्याने फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्यूएमू' या आज्ञावलीकडे राहिले.

उपकरणांचे सोंग आणि त्यातील धोका :

क्यूएमू ही असामान्य निर्मिती आहे. नानाविध प्रोसेसर आणि यंत्रे ती उभी करू शकते. जुन्या कार्यप्रणाली जिवंत ठेवू इच्छिणाऱ्यांना तिच्यावाचून गत्यंतर नाही. या व्यापकपणामुळेच तिचा विस्तार मोठा झाला. फायरक्रॅकरच्या निर्मात्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात क्यूएमूचा आकार सी भाषेतील चौदा लाखांहून अधिक ओळींचा असल्याची नोंद आहे, आणि तिला यजमान कर्नलकडे २७० पर्यंत निरनिराळ्या प्रकारच्या विनंत्या करण्याची मुभा लागते असे म्हटले आहे.

या विस्ताराचा सुरक्षेशी संबंध कसा येतो, हे मे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या 'व्हेनम' या त्रुटीवरून स्पष्ट होते. दोष होता फ्लॉपी डिस्कच्या आभासी नियंत्रकात. त्याच्याकडे येणाऱ्या आज्ञा आणि त्यांचे तपशील ठरावीक आकाराच्या एका बफरमध्ये साठविले जात. आज्ञा पूर्ण झाली की बफरमधील स्थानदर्शक पुन्हा आरंभाला आणावयाचा, अशी व्यवस्था होती. मात्र दोन आज्ञांच्या बाबतीत तो वेळेवर मागे येत नसे. अतिथीने चिकाटीने माहिती पाठवीत राहिल्यास ती बफरची मर्यादा ओलांडून यजमानाच्या बाजूच्या मेमरीत उतरे, आणि तेथून अतिथीला आपल्या कोंडाळ्यातून बाहेर पडण्याची वाट मिळू शके. २००४ पासून हा दोष तेथे होता. २०१५ साली क्लाउडमधील सर्व्हरवर फ्लॉपी कोण वापरत होते, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु वापराचा प्रश्नच नव्हता. फ्लॉपी ड्राइव्ह बंद ठेवला तरी आणखी एका दोषामुळे तिच्या नियंत्रकाचा कोड कार्यरत राहत असे. कोणालाही नको असलेल्या अडगळीच्या खोलीची खिडकी उघडी राहावी आणि चोर तिच्यातून शिरावा, तसा हा प्रकार होता.

जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकीय सुरक्षेची काही तत्त्वे मांडली. संरक्षक यंत्रणा शक्य तितकी साधी आणि लहान असावी, हे त्यांतील पहिले तत्त्व. पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत येते आणि परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिले जाते. प्रत्यक्षात ते पाळावयाचे म्हणजे कोणाला तरी काहीतरी नाकारावे लागते, आणि व्यापारी उत्पादनात ते फार अवघड असते.

लॅम्डा सेवेपुढील पेच :

ॲमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लॅम्डा' ही सेवा घोषित केली. ग्राहकाने संपूर्ण सर्व्हर भाड्याने न घेता केवळ एक फलन, म्हणजे एखादे छोटे काम करणारा कोड, कंपनीच्या स्वाधीन करावयाचा. विनंती आली की तो चालणार आणि जेवढा वेळ चालला तेवढेच शुल्क आकारले जाणार. अशा सेवांना 'सर्व्हरलेस' म्हणण्याचा प्रघात पडला. नाव फसवे आहे. सर्व्हर असतोच, त्याची चिंता ग्राहकाने करावयाची नसते, एवढेच.

अशी सेवा किफायतशीर ठरण्यासाठी एका यंत्रावर हजारो ग्राहकांची फलने दाटीवाटीने बसवावी लागतात. त्यासाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे कंटेनर. २०१३ मध्ये डॉकरच्या आगमनाने ते घरोघरी पोहोचले होते. कंटेनर ही चाळीतील खोली होय. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र दार, स्वतंत्र कुलूप. परंतु जिना, नळ आणि पाया सामाईक. हा पाया म्हणजे लिनक्स कर्नल. नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयींनी प्रत्येक कंटेनरला आपण एकटेच असल्याचा भास होतो, तरीही सर्व कंटेनर एकाच कर्नलला शेकडो प्रकारच्या विनंत्या करीत असतात. त्यांपैकी एकीच्याही हाताळणीत दोष निघाला तर सर्व बिऱ्हाडे एकदम उघडी पडतात. विनंत्यांवर निर्बंध घालता येतात. परंतु जितके निर्बंध कडक, तितका ग्राहकाचा कोड मोडण्याचा संभव अधिक. ग्राहक कोणता कोड आणील हे आधी ठाऊक नसताना हा तोल साधणे दुष्कर असते.

म्हणून लॅम्डाने प्रारंभी मधला मार्ग स्वीकारला. एका ग्राहकाची सर्व फलने कंटेनरमध्ये ठेवावयाची, परंतु दोन ग्राहक कधीही एका आभासी यंत्रात ठेवावयाचे नाहीत. ग्राहकांमधील विलगता यामुळे टिकली. मात्र ठरावीक मापाची यंत्रे आणि त्यांत बसवावयाची निरनिराळ्या मापांची कामे, यांचा मेळ नीट बसेना. एखाद्याच फलनाच्या ग्राहकासाठीही संपूर्ण यंत्र अडकून पडे.

प्रत्येक फलनाला स्वतंत्र आभासी यंत्र द्यावे, हे उत्तर उघड होते. आकडे आड येत होते. लॅम्डाचे सर्वांत लहान फलन १२८ मेगाबाइट मेमरीत चालते. उपर्युक्त शोधनिबंधातील मोजणीनुसार क्यूएमूमुळे प्रत्येक आभासी यंत्रामागे येणारा अतिरिक्त भार सुमारे १३१ मेगाबाइट होता. म्हणजे भिंत खोलीहून मोठी. शिवाय नेहमीच्या आभासी यंत्राला चालू होण्यास काही सेकंद लागतात, आणि लॅम्डाची कित्येक फलने तर एका सेकंदाच्या आत आपले काम उरकून मोकळी होतात.

फायरक्रॅकरची रचना :

नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲमेझॉनने फायरक्रॅकर हा नियंत्रक मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ गूगलने क्रोम ओएससाठी लिहिलेल्या 'क्रॉसव्हीएम' या नियंत्रकापासून झाला. पुढे दोहोंचे मार्ग वेगळे झाले. दोन्ही रस्ट या भाषेत लिहिलेले आहेत. मेमरीची मर्यादा ओलांडणारे जे दोष सी भाषेत सहज घुसतात, त्यांतील बहुतेक रस्टचा कंपायलर आधीच रोखून धरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. फायरक्रॅकरने केव्हीएमची जागा घेतलेली नाही. प्रोसेसर आणि मेमरी यांचे काम केव्हीएमकडेच राहिले. बदलला तो क्यूएमूचा वाटा. काय वगळता येईल, हा प्रश्न निर्मात्यांनी प्रथम विचारला. लॅम्डाच्या फलनाला पडदा नको, ध्वनी नको, यूएसबी नको, फ्लॉपी तर नकोच. अतिथी म्हणून विंडोज किंवा एखादी जुनी कार्यप्रणाली चालावी अशीही अपेक्षा नाही. त्यामुळे बायोस गेले. लिनक्सचा कर्नल थेट मेमरीत ठेवून त्याच्या आरंभबिंदूवर उडी घेतली जाते. मूळ रचनेत पीसीआय बसही नव्हती. उरली ती मोजकीच उपकरणे : 'व्हर्टिओ' पद्धतीचे नेटवर्क आणि डिस्क, एक सिरियल कन्सोल, आणि पीएस/२ कीबोर्डच्या नियंत्रकाचा एक तुकडा. कीबोर्ड नसताना त्याचा नियंत्रक कशासाठी? तर अतिथीला पुन्हा चालू होण्याचा संकेत जुन्या प्रथेनुसार त्याच वाटेने देता येतो, म्हणून. तेवढ्यासाठी पन्नासएक ओळी पुरल्या.

डिस्कविषयीचा निर्णय विशेष लक्षणीय आहे. यजमानाच्या फाइली अतिथीला थेट वाटून देण्याची पद्धत उपलब्ध होती आणि कित्येक दृष्टींनी सोयीचीही होती. ती निर्मात्यांनी टाळली. फाइलप्रणाली हा अतिशय मोठा आणि गुंतागुंतीचा कोड असतो. तो अतिथीच्या थेट संपर्कात आला तर सामाईक कर्नलचा धोका मागच्या दाराने परत येतो. त्याऐवजी अतिथीला केवळ ठोकळ्यांची डिस्क दिली जाते. कितवा ठोकळा वाचावयाचा अथवा लिहावयाचा, एवढीच भाषा यजमानाला कळावी लागते. फाइलप्रणालीचा सर्व पसारा अतिथीच्या कर्नलमध्ये, म्हणजे भिंतीच्या पलीकडे राहतो.

या वगळण्यातून जे उरले ते रस्टच्या सुमारे पन्नास हजार ओळींचे होते. ओळींची संख्या हे सुरक्षेचे ढोबळ माप आहे, आणि या संख्येत केव्हीएम व यजमान कर्नल यांचा समावेश नाही, हेही विसरता येत नाही. तरीही एखाद्या अभ्यासूला काही आठवड्यांत संपूर्ण वाचून काढता येईल असा नियंत्रक आणि कोणा एका व्यक्तीच्या आवाक्यात कधीच न येणारा नियंत्रक, यांतील भेद केवळ संख्येचा नव्हे.

भिंत कोसळलीच तर काय, याचीही तरतूद केलेली आहे. प्रत्येक सूक्ष्म यंत्रासाठी फायरक्रॅकरची स्वतंत्र प्रक्रिया चालते. 'जेलर' नावाची एक छोटी आज्ञावली तिला आधी एका रिकाम्या निर्देशिकेत कोंडते, स्वतंत्र नेमस्पेसमध्ये ठेवते, तिचे विशेषाधिकार काढून घेते आणि मगच तिच्या स्वाधीन कारभार करते. त्यानंतर ही प्रक्रिया यजमान कर्नलकडे मोजक्याच विनंत्या करू शकते. २०२० च्या शोधनिबंधानुसार त्यांची यादी २४ सिस्टिम कॉल आणि ३० आयोकंट्रोल इतकी होती. अतिथीने नियंत्रक फोडला तरी त्याच्या हाती लागते ती अशी जवळजवळ रिकामी कोठडी. आभासी यंत्राच्या भोवती कंटेनरची भिंत, अशी ही दुपदरी योजना आहे. 'कंटेनर की आभासी यंत्र' असा जो वाद काही वर्षे रंगला, तो या रचनेपुढे निरर्थक वाटू लागतो.

परिणामी प्रत्येक यंत्रामागील अतिरिक्त भार पाच मेगाबाइटच्या आत आला. शोधनिबंधातील प्रत्यक्ष मोजणी तीन मेगाबाइटच्या आसपास आहे. अतिथीची पहिली प्रक्रिया सुरू होण्यास १२५ मिलिसेकंद पुरतात आणि एका यजमानावर सेकंदाला १५० पर्यंत यंत्रे उभी करता येतात. हे आकडे काटछाट केलेल्या लिनक्स कर्नलसह मिळतात. नेहमीच्या वितरणातील कर्नल घेतल्यास ते मिळणार नाहीत. लॅम्डासाठी १२५ मिलिसेकंदही जास्तच ठरले, म्हणून काही यंत्रे आधीच चालू करून हाताशी ठेवली जातात.

हलकेपणाचा खरा लाभ दाटीवाटीत आहे. सर्व ग्राहकांना आपल्या वाट्याची सगळी मेमरी एकाच क्षणी लागत नाही. यजमानावर प्रत्यक्षात असलेल्या साधनसामग्रीहून कितीतरी अधिक सामग्री कागदोपत्री वाटता येते. प्रत्यक्ष सेवेत हे प्रमाण दहापटीपर्यंत नेल्याची नोंद शोधनिबंधात आहे. एका यजमानावर जितके अधिक आणि जितके भिन्न ग्राहक, तितका त्यांचा एकूण भार स्थिर. परंतु याच कारणाने एका यजमानावर परस्परांना अपरिचित लोक अधिकाधिक संख्येने एकत्र येतात. भिंतीच्या भक्कमपणावर व्यवसायाचे अर्थकारण अवलंबून असते ते असे.

वगळण्याची किंमत :

जे वगळले त्याची किंमत मोजावी लागली. डिस्कवरील कामे फायरक्रॅकर एकामागून एक करीत असल्याने शोधनिबंधाच्या वेळी त्याची गती सेकंदाला सुमारे तेरा हजार वाचनांवर अडली होती, तर त्याच यंत्राची डिस्क तीन लाख चाळीस हजारांहून अधिक वाचने करू शकत होती. मोठ्या डेटाबेससाठी हा नियंत्रक त्या काळी निरुपयोगी होता, आणि निर्मात्यांनी ते मोकळेपणाने मांडले. ज्या कामांना ग्राफिक्स प्रोसेसर लागतो, त्यांचीही येथे सोय नव्हती.

शिवाय एकदा वगळलेले कायम वगळलेले राहतेच असे नाही. अतिथी आणि यजमान यांच्यात थेट संवाद साधणारे 'व्हीसॉक' उपकरण पुढे जोडण्यात आले, आणि ०.१८ व ०.१९ या आवृत्त्यांत त्याच उपकरणाच्या कोडमध्ये बफरची मर्यादा ओलांडणारा दोष २०१९ मध्ये सापडला. भाषा रस्टच होती. अतिथीच्या मेमरीशी थेट व्यवहार करताना रस्टलाही आपली काही बंधने सैल करावी लागतात, आणि चूक नेमकी तशा जागी राहू शकते. दोष तत्परतेने दुरुस्त झाला. पण तो जुन्या, लहान गाभ्यात निघाला नाही. नव्याने जोडलेल्या अंगात निघाला, ही गोष्ट बोलकी आहे. त्यानंतर मेमरी परत घेणारे 'बलून' उपकरण आले, यादृच्छिक संख्या पुरविणारे उपकरण आले, आणि पुढील आवृत्त्यांत पीसीआयचीही ऐच्छिक सोय झाली. यांतील प्रत्येक भरीला सबळ कारण आहे. क्यूएमूमधील प्रत्येक भरीलाही ते होते.

विश्वास कोठे सरकला :

फायरक्रॅकर 'सुरक्षित' आहे असे म्हणताना कोणापासून आणि कोणाच्या भरवशावर, हे विचारणे आवश्यक ठरते. नियंत्रक लहान झाला म्हणजे विश्वासाची गरज नाहीशी होत नाही. ती केव्हीएमकडे आणि त्याहून अधिक प्रोसेसरकडे सरकते. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या प्रोसेसरमधील त्रुटी जाहीर झाल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'एल१टीएफ' आणि मे २०१९ मध्ये 'एमडीएस' या त्रुटींची भर पडली. पुढील आज्ञा कोणती येईल याचा अंदाज बांधून प्रोसेसर आगाऊ काम करून ठेवतो. अंदाज चुकल्यास ते काम टाकून देतो, पण त्याच्या खुणा कॅशसारख्या अंतर्गत साठ्यांत राहतात. शेजारच्या यंत्रातील अतिथी वेळेची सूक्ष्म मोजणी करून त्या खुणा वाचू शकतो. येथे कोणतीही भिंत फोडली जात नाही. पलीकडचे नुसते ऐकू येते.

फायरक्रॅकरच्या प्रत्यक्ष वापरासाठीच्या मार्गदर्शक सूचना या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. एका गाभ्यावर दोन धागे चालविण्याची सोय बंद ठेवावी, समान मजकुराची मेमरीपाने एकत्र करू नयेत, स्वॅप वापरू नये, असे त्यांत सुचविले आहे. पहिल्या सूचनेने प्रोसेसरची काही क्षमता जाते. दुसरीने मेमरीची मोठी बचत हातची जाते. हजार यंत्रांत तोच कर्नल असताना त्याची हजार प्रती ठेवाव्या लागतात. म्हणजे नियंत्रक हलका करून जे कमावले, त्यातील काही भाग प्रोसेसरच्या दोषांपायी परत द्यावा लागतो. अमेरिका आणि जर्मनी येथील विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असे आढळले, की या प्रकारच्या हल्ल्यांपासून फायरक्रॅकर स्वतःहून फारसे संरक्षण देत नाही. ते यजमान कर्नल आणि प्रोसेसर यांच्यातील उपायांवरच अवलंबून असते. नियंत्रकाच्या जाहिरातीत येणारे 'सुरक्षित' हे विशेषण म्हणूनच जपून वाचावे लागते.

गोठविलेली यंत्रे :

१२५ मिलिसेकंदांत कर्नल उभा राहिला तरी जावासारख्या भाषेतील फलन तयार होण्यास त्यापुढे काही सेकंद जातात. यावरील तोडगा म्हणजे पूर्ण तयार झालेले यंत्र त्याच्या मेमरीसह गोठवून ठेवावयाचे आणि मागणी येताच त्या प्रतीपासून हवी तितकी यंत्रे पुढे चालू करावयाची. लॅम्डाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जावा भाषेसाठी 'स्नॅपस्टार्ट' या नावाने ही सोय दिली.

युक्ती नामी आहे, पण तिच्यात एक सूक्ष्म संकट दडलेले आहे. यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या आज्ञावलीची अंतर्गत स्थितीही मेमरीतच असते. तीही गोठते आणि प्रत्येक प्रतीत जशीच्या तशी उतरते. मग शंभर यंत्रे शंभर वेळा तीच 'यादृच्छिक' संख्या काढतात. कूटलेखनाच्या किल्ल्या, सत्रांचे ओळखक्रमांक, एकदाच वापरावयाच्या संख्या, या साऱ्यांचा पाया अनन्यता हा असतो. तो येथे ढासळतो. कोणीही हल्ला केलेला नसताना आणि कोडची एकही ओळ चुकीची नसताना सुरक्षा नाहीशी होते. यंत्र पुन्हा जिवंत करताना त्याला नवी ओळख द्यावी आणि कर्नलने ती पाहून आपले यादृच्छिक भांडार नव्याने ढवळावे, हा उपाय आहे. लिनक्समध्ये २०२२ च्या ५.१८ या आवृत्तीपासून 'व्हीएमजेनआयडी' नावाने त्याची सोय झाली. परंतु कर्नलच्या बाहेर, एखाद्या ग्रंथालयात किंवा ग्राहकाच्या स्वतःच्या कोडमध्ये जपून ठेवलेल्या संख्येपर्यंत ही वार्ता आपोआप पोहोचत नाही. ती जबाबदारी प्रत्येक आज्ञावलीकाराची राहते, आणि त्याला तिची जाणीव असतेच असे नाही.

समकालीन अन्य प्रयत्न :

फायरक्रॅकर हा एकमेव प्रयत्न नव्हे. २०१७ मध्ये डिसेंबरात सुरू झालेला 'काटा कंटेनर्स' हा प्रकल्प कंटेनरच्या वापरपद्धतीत बदल न करता प्रत्येकाभोवती आभासी यंत्र उभे करतो आणि त्यासाठी फायरक्रॅकरसह निरनिराळे नियंत्रक वापरू शकतो. गूगलने मे २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला 'जीव्हायजर' वेगळ्या वाटेने जातो : लिनक्सच्या विनंत्या स्वतःच झेलणारा एक कर्नल त्यात गो भाषेत नव्याने लिहिलेला आहे. 'क्लाउड हायपरव्हायजर' हा नियंत्रक फायरक्रॅकरशी रस्ट-व्हीएमएम या समूहातील घटकांचे नाते राखतो, पण अधिक उपकरणे आणि विंडोजसारखे अतिथीही स्वीकारतो. क्यूएमूनेही डिसेंबर २०१९ च्या ४.२ आवृत्तीत 'मायक्रोव्हीएम' हा काटछाट केलेला यंत्रप्रकार आणला.

अध्यापनातील उपयोग :

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आभासीकरण बहुधा आकृत्यांच्या आधारे शिकविले जाते. ज्याचा कोड उघडा आहे आणि आटोपशीर आहे, असा नियंत्रक प्रयोगशाळेत थेट दाखविता येतो. त्यासाठी आभासीकरणाची सोय असलेला प्रोसेसर आणि लिनक्स असलेला साधा संगणक पुरतो; ही सोय कित्येकदा बायोसमध्ये बंद असते, ती प्रथम सुरू करावी लागते, आणि '/डेव्ह/केव्हीएम' ही फाइल दिसते की नाही हे पाहावे लागते. महाविद्यालयाने भाड्याने घेतलेल्या क्लाउड यंत्रावर हा प्रयोग करावयाचा असल्यास ते यंत्र स्वतःच आभासी असते, म्हणून आभासी यंत्रात आभासी यंत्र चालविण्यास पुरवठादाराची मुभा आहे का, याची आधी चौकशी करावी लागते. त्यानंतर फायरक्रॅकरची एकच फाइल, लिनक्सचा एक कर्नल आणि डिस्कची एक प्रतिमा एवढे साहित्य लागते. कर्नल कोणता, डिस्क कोणती आणि आता सुरू करा, अशा तीन विनंत्या त्याच्या सॉकेटवर पाठविल्या की कन्सोलवर अतिथीचे संदेश धावू लागतात. त्या वेळी दुसऱ्या खिडकीत त्या प्रक्रियेचे सिस्टिम कॉल मोजावयास सांगितल्यास आणि तोच अतिथी क्यूएमूवर चालवून तीच मोजणी पुन्हा करविल्यास, दोन नियंत्रकांतील अंतर विद्यार्थ्यांच्या वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात उतरते.